इचारलास का?

२ जानेवारी

ही डायरी शकूने आणून दिली. "रोज सकाळी लिहीत बसलात तर निदान माझ्या स्वयंपाकघरात येऊन हुकूम सोडणार नाही तुम्ही," म्हणाली. बेचाळीस वर्षांच्या संसारात बायको एवढी धीट होते. बघू किती दिवस टिकतं.

आज नवीन पनवेलातल्या एका शाळेत भाषण झालं. नेहमीचंच. मिठागरात राबणाऱ्या बापाचा मुलगा मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने मुंबईला शिकायला गेला, नौदलात शिरला, व्हाइस ॲडमिरल झाला आणि निवृत्तीनंतर राजदूत. मुलांना त्यातला बंदराचा किस्सा आवडतो. परक्या देशात यादवी पेटलेली, आपली माणसं धक्क्यावर अडकलेली, मी युद्धनौका घेऊन बाहेर उभा आणि आत शिरायची परवानगी नाही. मी एक संदेश पाठवला. एकच. आणि बंदर उघडलं. इथे मी जरा थांबतो, मग टाळ्या पडतात. पुढे सरकारने मला त्याच देशात राजदूत म्हणून पाठवलं ते या कामगिरीमुळे. देशाचं नाव मी इथेही लिहीत नाही. सवय आहे.

परत येताना सोसायटीचे अध्यक्ष मितेशभाई जिन्यात भेटले. पाण्याचा दाब कमी आहे, महापालिकेत तुम्ही शब्द टाकाल का, वगैरे. "जातीने लक्ष घालतो," म्हणालो. खूश होऊन गेले. घालणार नाही, अर्थात. राजनयात मला सापडलेलं हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे. माणूस वाटेला लागतो आणि दुखावतही नाही.

९ जानेवारी

सकाळी भामा आली. माझी चुलत बहीण, गावाकडची. नवरा गेल्यावर तिने घर विकलं आणि सुकापूरला एका इमारतीत खोली घेतली. वर्षातून एकदा भाऊबीजेला भेटतो आम्ही. आज अवेळी आली, तीही चालत. धापा टाकत होती.

"दादा, प्रणितचा जहाज धरलाय रं."

प्रणित तिचा एकुलता एक मुलगा. तेलाच्या जहाजावर फिटर आहे. परवानगीशिवाय तेल भरायला आले असा आरोप ठेवून जहाज अडकवलंय, सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतलेत, मालक फोन उचलत नाही. आणि त्याच गडबडीत इंजिनरूममध्ये लोखंडी पाइप पडून प्रणितचा उजवा पाय चेचलाय. जहाज बंदराबाहेर नांगरून ठेवलंय, डॉक्टर नाही, कोणाला उतरू देत नाहीत.

कुठला देश, विचारलं. तिने सांगितलं. मी राजदूत होतो तोच देश.

"तू तिकडचा राजा व्हतास ना?" भामा म्हणाली.

राजदूत आणि राजा यातला फरक मी तिला पूर्वीही समजावलाय. आज नाही समजावला. खरं सांगायचं तर ऊर भरून आला. इतकी वर्षं फीत कापायला आणि भाषणांना बोलावतात. आज कोणीतरी कामाला बोलावलं.

१० जानेवारी

तिथला माझा जुना मित्र आता राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार आहे. त्याला मी कमोडोर म्हणतो. यादवीच्या वेळी तो बंदरावर साधा लेफ्टनंट होता, माझे संदेश त्याच्याकडेच येत. मी राजदूत म्हणून गेलो तेव्हा तो बराच वर चढला होता. बंदरातलं एक पानही त्याच्याशिवाय हलत नाही.

त्याला मेल लिहिला. मोजका. दोनदा वाचून त्यातलं एक विशेषण काढून टाकलं. विनवणीचा सूर कुठेही नाही. आपल्या दूतावासातल्या मुलांशीही बोललो. ती बिचारी दोनदा धक्क्यावर जाऊन आली, पण त्यांना जहाजावर चढू दिलं नाही. म्हणजे किल्ली कमोडोरकडेच.

१४ जानेवारी

उत्तर आलं! "प्रिय भगवान, या प्रकरणात मी जातीने लक्ष घातलं आहे. तुझ्या पत्नीला माझा नमस्कार." संक्रांतीच्या दिवशी शुभवार्ता. शकूला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने तीळ भाजता भाजता विचारलं, "सोसायटीच्या पाण्याचं काय झालं हो?" विषय सोडून बोलायची तिला सवयच आहे.

कमोडोर तसा माझा चेलाच म्हणायचा. मी राजदूत होतो तेव्हा, एवढा वर चढूनही, सरकारी कागद कसे वाचायचे हे त्याला कळत नसे. प्रत्येक पत्राला घाबरायचा. एकदा दूतावासाच्या गच्चीवर मी त्याला शिकवलं होतं, की जे पत्र एकदाच येतं ते पाठवणाऱ्याच्या फायलीसाठी असतं, त्याला गोड उत्तर द्यावं आणि विसरून जावं, ज्याला खरी गरज असते तो परत येतो. किती हसला होता. पुढे ते वाक्य तो आपल्या हाताखालच्या लोकांनाही ऐकवायचा.

भामाला फोन करून सांगितलं, काम झालं समज.

२१ जानेवारी

भामा रोज येते. मी पेपर वाचत असतो तेव्हा बेल वाजते. दाराजवळ चपलांच्या कपाटाशेजारी एक स्टूल आहे, त्यावर बसते. आत ये म्हटलं तर येत नाही, पायाला धूल हाय म्हणते. आणि एकच प्रश्न.

"इचारलास का?"

"विचारलंय भामा. त्यांनी लक्ष घातलंय."

"आज इचारलास का?"

तिला कोणत्या भाषेत समजावू? नौदलात हुकूम एकदाच द्यायचा असतो. दुसऱ्यांदा द्यावा लागला की समजावं, पहिल्या वेळी आपल्या आवाजात जोर नव्हता. राजदूत म्हणूनही मी हेच पाळलं. माझ्या हुद्द्याचा माणूस दारोदार जाऊन तेच तेच मागायला लागला तर त्याच्या शब्दाला किंमत काय राहील? तिला एवढंच म्हणालो, "सारखं सारखं विचारून कामं होत नाहीत, भामा. बिघडतात."

ती हो म्हणाली. उद्या येणारच.

२९ जानेवारी

प्रणितचा आवाज आला. किनाऱ्याजवळ कधीतरी फोनला रेंज मिळते, तेव्हा तो आईला बोलणं रेकॉर्ड करून पाठवतो. भामाने फोन माझ्या कानाला लावला. "आये, बरा हाय. पाय सुजलाय जरा. मामाला सांग, बाकीची मानसं धीर धरून हायत मामाच्या नावावर. मी सगल्यांना सांगितलाय, माझा मामा तिकडं राजदूत व्हता."

जहाजावर पनवेलचा आणखी एक मुलगा आहे, राहिल. स्वयंपाकी आहे. तो रोज पाणी उकळून प्रणितचा पाय धुतो, असं कळलं.

दिवसभर बरं वाटलं मला. मामाच्या नावावर.

४ फेब्रुवारी

राहिलचे वडील वहाबभाई आले होते. पनवेलला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. सभ्य माणूस. जहाजावरच्या सगळ्यांनी मिळून एक व्हिडिओ केलाय, तो त्यांच्याकडे आलाय. टीव्हीवाल्यांना द्यायचा का, एवढंच विचारायला आले होते.

मी साफ नाही म्हटलं. आरडाओरडा झाला की समोरचं सरकार ताठ होतं. मग माझ्यासारख्या माणसाने पडद्यामागे केलेलं सगळं पाण्यात जातं.

"साहेब, बाकीच्या मुलांच्या घरचे तर रोज तिकडे फोन लावतायत. केरळच्या एका मुलाची बहीण आहे, ती म्हणे त्या सल्लागाराच्या ऑफिसात रोज सकाळी फोन करते."

"तिचंच नुकसान होईल," मी म्हणालो.

वहाबभाईंनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही सांगता तर सब्र करतो. तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. अल्ला मालिक."

जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. ते मला आवडलं नाही. का, ते कळत नाही.

१३ फेब्रुवारी

कमोडोरकडून काही नाही.

भामा आली. प्रणितच्या पायाची दोन बोटं काळी पडलीत. ताप उतरत नाही. जहाजावरच्या गोळ्या संपल्या. हे सगळं तिने हवामान सांगावं तसं सांगितलं आणि मग प्रश्न विचारला. मी "हो" म्हणालो. खोटं होतं. मी विचारलेलं नाही. एक महिना झाला.

ती गेल्यावर शकू म्हणाली, "त्याला फोन का नाही करत?"

म्हटलं, तशी पद्धत नाही.

"पद्धत राहू दे. फोन आहे ना त्याचा?"

आहे. तोच तर प्रश्न आहे. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. फोन केला आणि त्याने घेतलाच नाही तर? आज माझ्याकडे नौका नाही, दूतावास नाही, शिक्का नाही. एक जुनं नाव आहे. ते अजून चालतं असं मी लोकांना सांगतो आणि लोक धरून चालतात. फोन वाजत राहिला आणि कोणी उचललाच नाही, तर मी या घरात बसलेला एक म्हातारा आहे, बाकी काही नाही.

मेल आणखी एकदा लिहायला घेतला. सुरुवात जमेना. "स्मरण म्हणून" असं लिहिलं, खोडलं. नको. त्याने लक्ष घातलंय. तो विसरणारा माणूस नाही.

१९ फेब्रुवारी

झोप नाही. भूक नाही. शकू बोलत नाही.

भामाने येताना डबा आणला होता, सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी. म्हणाली, "तू बारीक झालास रं दादा. तू तरी खा." माझ्याच काळजीने माझ्यासाठी भाकरी थापून, सुकापूरहून चालत. तिचा मुलगा तिकडे सडतोय आणि मला ती खाऊ घालते.

मी खाल्लं. तिच्यासमोर बसून सगळं खाल्लं.

२२ फेब्रुवारी

आज भामाने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः कान झाकून घेतले. प्रणित बोलत होता, पण आम्हा कोणाशी नाही. तापात बरळत होता. बापाला हाक मारत होता, जाळं ओढायला सांगत होता. बाप जाऊन सहा वर्षं झाली. मागून राहिलचा आवाज आला, "चाची, याच्या पायाला वास यायला लागलाय. कुणालातरी सांगा. अल्लाच्या वास्ते कुणालातरी सांगा."

कुणालातरी. म्हणजे मलाच ना? मला सांगून तर महिना उलटला.

भामाने कानावरचे हात काढले. आज तिने प्रश्न विचारला नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी आत गेलो, दार लावून घेतलं आणि कमोडोरला फोन लावला.

त्याने लगेच उचलला. इतक्या दिवसांच्या भीतीनंतर, लगेच.

"भगवान! किती दिवसांनी!"

मी प्रणितचं नाव सांगितलं. पाय, ताप, वास, सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण तुला हे इतकं हवं होतं, तर बोलला का नाहीस?"

"मी लिहिलं होतं तुला."

"हो. एकदा."

मी खुर्चीवर बसलो. तोच म्हणाला, "तूच शिकवलंस ना मला? एकदाच आलेलं पत्र फायलीसाठी असतं. मी वाट बघितली. तू परत आला नाहीस. मला वाटलं, गावकऱ्यांची समजूत घालायला लिहिलंयस. मी गोड उत्तर दिलं."

मग त्याने बाकीचं सांगितलं. आजारी माणसांना उतरवायला राष्ट्राध्यक्षांनी गेल्या आठवड्यात परवानगी दिली होती. तीनच माणसांना. यादी कमोडोरने केली. ज्यांच्या घरचे त्याच्या ऑफिसला सळो की पळो करून सोडत होते, त्यांची नावं घातली. त्यात केरळच्या त्या बहिणीचा भाऊ होता. त्याला कावीळ झाली होती. प्रणितबद्दल कोणीच विचारत नव्हतं.

"विचारलं असतंस तर पहिलं नाव त्याचं टाकलं असतं. तुझ्यासाठी एवढं केलं नसतं का मी?"

मी कसंबसं म्हणालो, "यादवीच्या वेळी मी एकदाच संदेश पाठवला होता आणि तुम्ही बंदर उघडलं होतं."

तो हसला. वाईट हसू नव्हतं ते, जुन्या दोस्ताचं होतं. "एकदाच? अरे, दिवसभर तू आमचं डोकं खाल्लंस. माझा वायरलेसवाला सेट बंद करू का म्हणून विचारत होता. शेवटी साहेब म्हणाले, येऊ दे त्या हिंदुस्थान्याला आत, म्हणजे गप्प बसेल."

फोन ठेवला. आरशाशेजारी माझा पांढऱ्या गणवेशातला फोटो आहे. दिवसभर. आता आठवतंय. घसा बसला होता माझा. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. ती भाषणं देत देत मी एवढं सगळं कधी पुसून टाकलं?

बाहेर भामा बसली होती. तिला सांगितलं. सगळं. गेल्या आठवड्याची यादीसुद्धा.

ती उठली. वाटलं मारणार. मारायला हवं होतं.

"मी रोज येत व्हते," ती म्हणाली. "रोज. तू मना बोललास सारखं नको इचारू. मना वाटला, दादा बोलतोय म्हंजी तसाच आसल. मी कोन? मी कोलंबी इकनारी. कोलंबीचं गिऱ्हाईक बी दोनदा इचारल्याबिगर घेत नाय रं. माझा प्वार..."

शकू तिला धरून आत घेऊन गेली. पहिल्यांदाच ती धुळीच्या पायांनी आत गेली. दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या आणि मी माझ्याच घरात कुठे उभं राहावं ते मला कळत नव्हतं.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं.

"परत लाव," म्हणाली. "मी हितं बसतंय."

२३ फेब्रुवारी

फोन केला. बैठकीत आहे.

परत केला. जेवायला गेलाय.

परत केला. त्याच्या सचिव बाईने माझं नाव विचारलं. स्पेलिंग सांगितलं. हुद्दा सांगितला नाही.

२५ फेब्रुवारी

कमोडोर म्हणतो, राष्ट्राध्यक्ष दौऱ्यावर आहेत, दुसऱ्या यादीवर सही त्यांचीच लागेल. मी विनवणी केली. सरळ शब्दांत. तो माझा मुलगा आहे असं म्हणालो. विशेषण एकही काढलं नाही.

वहाबभाईंच्या दुकानात गेलो. तो व्हिडिओ द्या टीव्हीवाल्यांना, म्हटलं. आजच द्या. त्यांनी गिऱ्हाइकासमोरच विचारलं, "आधी का नको होतं, साहेब?" मी सांगितलं, माझं चुकलं. गिऱ्हाईक पातेलं हातात घेऊन बघत राहिलं.

२८ फेब्रुवारी

रात्रीच्या बातम्यांत व्हिडिओ आला. एका ओळीत उभे असलेले ते सगळे, आणि कडेला राहिल, खांद्यावर प्रणितला पेलून धरलेला. मी प्रणितला ओळखलं नाही. शकूने ओळखलं.

कमोडोरला फोन केला. तो वैतागला. म्हणाला, आज सकाळपासून चौथ्यांदा करतोयस तू. म्हटलं, पाचव्यांदाही करणार आहे. ओरडेल असं वाटलं. "बरं," एवढंच म्हणाला.

१ मार्च

सही नाही.

प्रणितचा आवाज येत नाही आता. राहिल बोलतो. तोही कमी बोलतो.

देवासमोर बसलो. मला काही म्हणता येत नाही, आरत्यासुद्धा अर्ध्याच येतात. भामा शेजारी बसून पुटपुटत होती. मी फक्त म्हटलं, पाय घे, बोटं घे, काय हवं ते घे, पण पोरगा ठेव. हा सौदा मी कोणाच्या वतीने करत होतो? पाय काय माझा होता?

४ मार्च

सही झाली. प्रणितला बंदरावरच्या इस्पितळात हलवलं. कमोडोर स्वतः लाँचवर गेला होता, असं त्याने सांगितलं. मी त्याला धन्यवाद दिले. तो म्हणाला, "धन्यवाद नको. उद्या फोन करू नकोस, एवढं कर." मी म्हटलं, ते जमणार नाही.

६ मार्च

गुडघ्याखाली कापला.

तिथल्या डॉक्टरशी बोललो. तरुण मुलगी होती आणि फार नीट बोलली. जीव वाचेल म्हणाली. मी विचारायला नको होतं, पण विचारलंच. आधी आणला असता तर? ती म्हणाली, "दोन आठवडे आधी आला असता तर बोटांवर भागलं असतं."

म्हणजे त्या पहिल्या यादीत.

भामाला सांगताना डॉक्टरचं ते वाक्य गाळलं. ती म्हणाली, "त्या आधीच्या यादीत गेला आसता तर रायला आसता ना पाय?" मी मान हलवली. ती चुलीपुढे बसल्यासारखी दोन्ही हात पुढे धरून बसून राहिली. मग उठून सुकापूरला निघून गेली. मी सोबत येतो म्हटलं. नको म्हणाली.

९ मार्च

भामा आली नाही. कालही नाही, परवाही नाही. ती येण्याच्या वेळेला मी दार उघडं ठेवून बसतो. पेपर वाचवत नाही.

कमोडोरला फोन मात्र केला. बाकीची मुलं अजून जहाजावरच आहेत.

२२ मार्च

प्रणित आला. विमानतळावर मी, शकू, भामा आणि वहाबभाई. चाकाच्या खुर्चीवर बसून आला, गुडघ्याखाली पँट दुमडून पिनने अडकवलेली. सव्वीस वर्षांचा मुलगा, गालांची हाडं वर आलेली. भामाने आधी त्याचं तोंड चाचपलं, मग दुमडलेल्या पँटवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

तो माझ्याकडे बघून हसला. "मामा, तुमच्यामुलं आलो."

मी भामाकडे बघितलं. तिने एक शब्द बोलायला हवा होता, म्हणजे मला पुढचं बोलता आलं असतं. गाडीत बसल्यावर मीच सांगितलं त्याला. पहिल्या यादीचं, माझ्या एका पत्राचं, सगळं. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. खाडीचा पूल मागे पडला. कळंबोलीच्या आसपास एवढंच म्हणाला, "राहिलने धुतला नसता तर जीव बी गेला आसता मामा. तो अजून तिथंच हाय."

पुढच्या सीटवर वहाबभाई होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

सुकापूरच्या नाक्यावर कोणीतरी फ्लेक्स लावलाय. माझा गणवेशातला फोटो, "ॲडमिरल भगवान घरत साहेबांचे जाहीर आभार", खाली सात-आठ पुढाऱ्यांचे चेहरे. ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून तो फ्लेक्स सोडवायला लागलो. सुतळी सुटेना. म्हातारपणी गाठीही सुटत नाहीत, आणि मी नौदलातला. शेवटी वहाबभाई उतरले आणि त्यांनी किल्लीने सुतळी कापली. दोघांनी मिळून घडी केली.

२३ मार्च

आज सकाळी पेपर हातात घेतला आणि बेल वाजली. दारात भामा. चालत आलेली, धापा टाकत. मुलगा कालच घरी आलाय, त्याच्यापाशी बसायचं सोडून ही इकडे कशाला, मला कळेना. पेपर खाली ठेवला. मनात म्हटलं, बोलू दे तिला, काय बोलायचं ते.

"आत ये," म्हणालो.

"नाय. पायाला धूल हाय." ती स्टुलावर बसली. पदराने तोंड पुसलं.

"वहाबभाईच्या राहिलचा इचारलास का?"

"काल विचारलं, भामा. विमानतळावर निघायच्या आधी."

"आन आज?"

मी आत जाऊन फोन आणला आणि तिच्यासमोर बसून नंबर लावला.